घारीची जादा फेरी

कंपनीत तिला सगळे घार म्हणत, आणि तेही तोंडावर. मोबाइलच्या नेटवर्कमध्ये कुठे विचित्र बिघाड झाला की हिला गाडीत बसवून पाठवायचे. हातात माशाच्या काट्यासारखी दिसणारी अँटेना, मांडीवर मोजणीचं यंत्र, आणि गाडी त्या भागावर घिरट्या घालत राहायची. आधी मोठी घिरटी, मग लहान, मग अगदी दोन-चार गल्ल्यांपुरती. शेवटी एखाद्या दारासमोर उतरून ती बेल दाबायची आणि दार उघडणाऱ्याला शांतपणे सांगायची, "तुमच्याकडे सिग्नल वाढवायचा डबा आहे. त्याला परवानगी नाही, तो बंद करा." समोरचा आधी नाही म्हणायचा, मग कोणता डबा म्हणून विचारायचा, आणि मग गुपचूप वर घेऊन जायचा.

वडील लाउडस्पीकर भाड्याने द्यायचे. शाळेला सुट्टी असली की ती त्यांच्याबरोबर सभागृहांतून तारा ओढत फिरायची. माइक आणि स्पीकर जवळ आले की जी कान फाडणारी शिट्टी सुरू होते, ती कुठून येतेय हे तिला तेव्हापासून डोळे मिटून सांगता यायचं. पुढे ती मोबाइल कंपनीत लागली ती तक्रारींच्या खिडकीवर. बाकीच्या जणी तक्रार लिहून घेऊन मोकळ्या व्हायच्या. ही माणसाला बसवून विचारायची, "तुम्ही उभे कुठे होता? खिडकीकडे तोंड होतं की पाठ?" लोक वैतागायचे. पण तिथल्या एका जुन्या इंजिनिअरला ते आवडलं आणि त्याने तिला मोजणीच्या गाडीवर घेतलं, आणि मग ती तिथलीच झाली.

लग्न झालं चष्म्याच्या दुकानात काचा घासणाऱ्या एका माणसाशी. हाताचा कसबी, बोलायला मऊ, आणि कोणी काही मागितलं तर नाही म्हणणं त्याला जमायचंच नाही. तो चारचौघांत सांगायचा, "लग्नात ही माझ्याकडे बघतच नव्हती. हॉलमधले स्पीकर चुकीच्या जागी लावलेत म्हणून हिचा जीव वर-खाली होत होता." ती हसायची, पण खोटं आहे असं काही म्हणायची नाही.

कामात मात्र ती करडी होती. शेजारच्या व्यायामशाळेवाल्याचा डबासुद्धा तिने सोडला नव्हता. तो तेव्हापासून जिन्यात भेटला की भिंतीकडे तोंड करायचा. "माणसं बघून नियम वाकवले तर मी करते काय?" असं ती नवऱ्याला म्हणायची, आणि तो मान डोलवायचा.

त्या वर्षी कंपनीने मोठं काम काढलं. फोर-जी सगळीकडे पोचवायचं होतं, पण हवेत नवी जागा मिळण्यासारखी नव्हती. तेव्हा नुसत्या बोलण्यासाठीचं जे जुनं नेटवर्क होतं, त्याच्या लहरींच्या पट्ट्यातला मोठा तुकडा कापायचा आणि तिथे फोर-जी बसवायचं, असं ठरलं. आराखडा करणारे साहेब वयाने तिच्याहून लहान, पण कामाला पक्के. मीटिंगमध्ये ते म्हणाले, "घरात माणसं राहतायत आणि आपल्याला मधली भिंत सरकवायची आहे. कोणाच्या अंगावर वीट पडता कामा नये."

शहराचा सपाट भाग सुरळीत पार पडला. मग डोंगरउतारावरची वस्ती आली. खाली पायथ्याशी हॉस्पिटल, आणि तिथून वर एकावर एक रचल्यासारखी घरं, मध्ये चढाच्या गल्ल्या आणि सिमेंटच्या पायऱ्या. तिथेही बदल झाला, दोन आठवडे बरे गेले. आणि अचानक, एका सुट्टीच्या दिवसापासून, तक्रारींचा पूर आला. सगळ्यांचं रडगाणं एकच. फोनवर दांड्या पूर्ण दिसतात, पण फोन काही लागत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी तिला बोलावून घेतलं. त्यांचे डोळे तांबारले होते. "हॉस्पिटलने लेखी कळवलंय. वर गेलेल्या ॲम्ब्युलन्सचा खाली संपर्क होत नाही. मोठ्या साहेबांनी संध्याकाळपर्यंत वेळ दिलाय. कारण नाही सापडलं तर भिंत परत जुन्या जागी. इथलीच नाही, सगळ्या शहरातली."

"टॉवर तपासले?"

"सगळे. टॉवर बोलतोय ते लोकांना ऐकू येतंय. लोक बोलतायत ते टॉवरला ऐकू येत नाहीये. कानाशी कोणीतरी शिट्टी फुंकत बसल्यासारखं."

"मग कोणीतरी फुंकतंयच," ती म्हणाली आणि अँटेना उचलून निघाली.

गाडीवर ड्रायव्हरकाका होते. गालात लवंग धरून बोलणारे, निवृत्तीला टेकलेले, या वस्तीतला चढ न् चढ पाठ असलेले. दोघांनी मोठी घिरटी घातली. यंत्राच्या पडद्यावर हिरवी रेघ एरवी खाली पडून असायची, इथे ती पडद्याच्या निम्म्यापर्यंत वर उठली होती, आणि पट्ट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरली होती. जुना भाग आणि नवा भाग, दोन्ही तिच्याखाली बुडालेले.

सगळ्यात जोर शाळेच्या बाजूने दिसला. तिने शाळेची गच्ची पालथी घातली, मुख्याध्यापकांची उलटतपासणी घेतली, आणि मग तिच्या लक्षात आलं की शिट्टी गच्चीवरच्या पाण्याच्या स्टीलच्या टाकीवर आपटून येतेय. मूळ भलतीकडेच होतं. सकाळ त्यातच खर्ची पडली. गाडीतल्या वायरलेसवर साहेबांचा आवाज दर थोड्या वेळाने यायचा. "काही हाती लागलं?" दर वेळी तो आवाज थोडा अधिक कोरडा झालेला असायचा.

दुपार कलायला लागली तेव्हा घिरटी तीन गल्ल्यांवर आली होती. काकांनी गाडी एका अरुंद चढावर घातली आणि यंत्र अक्षरशः किंचाळायला लागलं. तिने अँटेना डावीकडे फिरवली. आवाज पडला. उजवीकडे फिरवली आणि तिचा हात तिथेच राहिला.

उजवीकडे निळ्या शटरचं घर होतं. शटरच्या बाजूने खाली तळघरात जाणारा उतार, आणि वर पाटी. ऑक्सिजन सिलिंडर घरपोच. तिच्या नणंदेचं घर होतं ते.

नवरा वारल्यापासून नणंदेने तो व्यवसाय एकटीने चालवला होता. डोंगरावर श्वासाचे जितके आजारी होते त्या सगळ्यांचा जीव तिच्या तळघरावर टांगलेला. घारीला एकदम सुट्टीचा दिवस आठवला. नवरा ड्रिल मशीन पिशवीत घालत म्हणाला होता, "ताईकडे एक फळी ठोकायचीय, येतो जरा." परत आल्यावर फळीचा विषय त्याने काढला नव्हता. तिनेही विचारलं नव्हतं.

तळघराच्या झरोक्याच्या वर, कमरेएवढ्या उंचीवर, एक कोरी करकरीत अँटेना ठोकलेली होती. खालचे चारही स्क्रू एका रेषेत, नीट. ते हात तिच्या ओळखीचे होते.

"इथेच आहे की," काका म्हणाले आणि ब्रेक लावला.

"पुढे चला."

"अहो, यंत्र बोंबलतंय."

"पुढे चला म्हटलं ना, काका. पुन्हा टाकीसारखं होईल. एक फेरी घेऊ अजून."

काकांनी तिच्याकडे पाहिलं, लवंग या गालातून त्या गालात घेतली आणि गाडी पुढे काढली. तेवढ्यात वायरलेस खरखरला. "काही सापडलं?"

"अजून बघतेय," ती म्हणाली. इतक्या वर्षांत कामावर बोललेलं ते तिचं पहिलं खोटं.

वर तिचा फोन लागणं शक्यच नव्हतं. तिने गाडी खाली हॉस्पिटलच्या कोपऱ्यापर्यंत न्यायला लावली आणि गाडीबाहेर उभी राहून नवऱ्याला फोन केला.

"अहो, ताईंच्या झरोक्यावर अँटेना कोणी लावली?"

पलीकडे काच घासायच्या चाकाची घरघर थांबली. "तुला कोणी सांगितलं?"

"मला कोणी सांगावं लागतं का?"

"अगं, तुमचा तो बदल झाला आणि तिच्या तळघरात फोनच मेला. सिलिंडर उचलायला खाली, फोन घ्यायला वर, खाली-वर करून तिचे गुडघे गेले. रडकुंडीला आली होती. मी बाजारातून डबा आणला. तार कमी पडली म्हणून गच्चीपर्यंत नेली नाही, झरोक्यावरच ठोकली. एवढासा डबा आहे, त्याने काय होतंय?"

"मला विचारायचं होतं."

"विचारलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?" मग तो हलक्या आवाजात म्हणाला, "हे बघ, तू जाऊन नुसता बंद करून ये. यंत्रातला गोंधळ थांबेल. कुठल्या घरातून निघाला हे लिहायलाच पाहिजे का? कंपनीच्या बाईच्या नवऱ्याने लावला म्हटल्यावर तुझ्याच नोकरीवर येईल. आणि ताईला लोक दारात उभं करणार नाहीत."

तिने फोन बंद केला आणि गाडीच्या दाराला टेकून उभी राहिली. मनात तोच हिशोब चालला होता. लिहायचं तर कसं, आणि नाही लिहायचं तर कसं. खोटं म्हणजे नुसती एक ओळ गाळायची, तीही स्वतःच्या माणसांसाठी. व्यायामशाळेवाल्यालाही स्वतःची माणसं होतीच की.

समोर एक ॲम्ब्युलन्स उभी होती. तिच्यावरचा मदतनीस घारीच्या अंगावरचा कंपनीचा कोट बघून चालत आला. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो दमलेल्या आवाजात म्हणाला, "मॅडम, काल वरून एका बाईला आणताना डॉक्टरांना विचारायचं होतं, इंजेक्शन देऊ की नको. फोन लागेना. मी माझ्या अंदाजाने दिलं. ती वाचली. पण अंदाजाने दिलं हो मी."

ती गाडीत बसली. "काका, निळ्या शटरला."

"आता नक्की ना?"

"मघाशीही नक्कीच होतं."

त्या चढावर एरवी काका गाडीला गोंजारत न्यायचे, आज त्यांनी तिला मुळीच दयामाया दाखवली नाही.

नणंद तळघरात एक सिलिंडर तिरका करून, तळपायाने हळूहळू फिरवत भिंतीकडे नेत होती. धिप्पाड बाई, केस वर बांधलेले, कमरेला पाना अडकवलेला. "अगं, तू? या वेळेला? आणि हे काय हातात, मासा?"

"ताई, तो डबा बंद करायचाय."

नणंदेचा चेहरा बदलला. "म्हणजे तो बोलला तुला. पोटात काही राहत नाही त्याच्या. हे बघ, तुमच्या कंपनीने काय उपद्व्याप केले ते तुमचं तुम्हाला माहीत, माझा फोन मेला ते मला माहीत. त्या डब्यामुळे आता खाली दांड्या येतात. बघ, भरगच्च." तिने फोन पुढे केला. चारही दांड्या उभ्या होत्या.

"दांड्या आहेत. फोन किती आले?"

"आले नाहीत. म्हणजे कोणाला लागलं नसेल. जरा निवांतपणा मिळाला मला."

"ताई, एवढ्या मोठ्या डोंगरावर, परवापासून, कोणालाच सिलिंडर लागला नाही?"

नणंदेची नजर भिंतीशी रांगेत उभ्या असलेल्या भरलेल्या सिलिंडरांवर गेली. एवढी रांग तिथे कधी नसायची. कमरेचा पाना तिने उगाचच घट्ट धरला.

"बाहेरची अँटेना आणि आतली अँटेना जवळजवळ आल्यात," घार म्हणाली. "माइक-स्पीकरसारखी शिट्टी बसलीय त्यांची. आपल्याला ऐकू येत नाही, टॉवरला येते. त्या शिट्टीपुढे लोकांचे फोन त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत."

"बंद कर," नणंद म्हणाली. "कर ना बंद, बघतेस काय!"

आणि नणंदेने स्वतःच हात घालून वायर उपटली. डब्यावरचा लाल दिवा विझला. नणंदेच्या फोनवरच्या दांड्या सरसर उतरल्या आणि नाहीशा झाल्या. दोघी उतार चढून रस्त्यावर आल्या. बाहेर एक दांडी आली, मग दुसरी. आणि फोन वाजला.

नणंदेने स्पीकर लावला. पलीकडून एका म्हातारीचा आवाज आला, धापा टाकणारा, आणि फोन लागलाय यावर विश्वास न बसलेला. "लागला का? अगं बाई, लागला! मी दुपारपासून लावतेय गं. यांचा काटा लालवर आलाय. दुसरी नळकांडी उघडतच नाही. ओठ निळे पडलेत यांचे."

"आले," नणंद म्हणाली. "त्यांना बसतं ठेवा, आडवं करू नका. आले मी."

सिमेंटच्या कारखान्यात उमेदीची वर्षं घालवून फुफ्फुसं गमावून बसलेला म्हातारा होता तो. वरच्या टोकाला, पायऱ्यांच्या गल्लीत घर. दुपारपासून, म्हातारी म्हणाली होती. घारीच्या कानात तेवढाच शब्द घुमत राहिला. तिच्या जादा फेरीचा वेळ त्यातच कुठेतरी होता.

तिघांनी मिळून सिलिंडर गाडीत चढवला. जाता जाता घारीने हॉस्पिटलला फोन केला, तो पहिल्या फटक्यात लागला, आणि ॲम्ब्युलन्स वर यायला निघाली. गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबली. पुढे पायऱ्या. काकांनी सिलिंडरचं बूड धरलं, नणंदेने मान, आणि घार एका हाताने मध्ये आधार देत उलटी चढत राहिली. काकांचा श्वास भात्यासारखा वाजायला लागला. "ठेवायचा का जरा?" नणंदेने विचारलं. "ठेवला तर परत उचलायचा नाही माझ्याने," काका म्हणाले, आणि तसेच चढत राहिले.

म्हातारी दारात उभी होती, फोन अजून कानाला. आत म्हातारा खुर्चीत पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसलेला. त्याची मान प्रत्येक श्वासाला खेचली जात होती. नळीतून येणारा फुसफुस आवाज इतका बारीक झाला होता की तो आहे की थांबला ते कळेना.

नणंदेने जुन्या सिलिंडरवरचा मीटर काढायला पाना लावला. तो हलेना. पुन्हा जोर लावला. हात घसरला, बोटं खरचटली. एरवी हे काम ती डोळे झाकून करायची.

"ताई, माझ्याकडे बघा," घार म्हणाली. तिने सिलिंडर दोन्ही गुडघ्यांत आवळून धरला. "मी हलू देत नाही. आता लावा."

करकर करत नट सुटला. मीटर नव्या सिलिंडरवर चढला, एक आटा, दुसरा, आणि किल्ली फिरल्याबरोबर खोलीत मोठा फुसकारा झाला. म्हाताऱ्याने नळी नाकाशी घट्ट धरली. म्हातारीने नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला होता आणि ती त्याच्या श्वासाबरोबर स्वतःही श्वास घेत होती. बऱ्याच वेळाने त्याच्या ओठांची निळाई फिकी झाली. मग त्याने डोळे उघडले आणि तुटक तुटक म्हणाला, "दार... लावा. माणसं... जमलीत."

नणंद मटकन जमिनीवर बसली आणि तोंडावर हात घेऊन रडायला लागली.

ॲम्ब्युलन्स येऊन म्हाताऱ्याला घेऊन गेली. काही दिवसांनी तो घरी परत आला, पूर्वीसारखाच खोकत आणि म्हातारीवर खेकसत.

घार ऑफिसात पोचली तेव्हा साहेबांच्या खोलीत सगळे हसत-बोलत होते. डोंगराच्या नकाशावरचा बिघाडाचा लाल रंग गेला होता. तिने बाकीच्यांना बाहेर जायला सांगितलं. "डबा माझ्या नणंदेकडे होता. माझ्या नवऱ्याने बसवला. आणि मला तो सापडला तेव्हा मी थांबले नाही. तुम्हाला 'बघतेय' म्हटलं आणि एक फेरी मारून आले. त्या वेळात एक माणूस जाता जाता वाचला."

साहेबांनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं. "फेरीचं मला कधीच कळलं नसतं."

"हो."

"लेखी द्यावं लागेल. मग मला तुम्हाला गाडीवर ठेवता येणार नाही. निदान चौकशी होईपर्यंत."

"देते."

ती उठली तसं ते म्हणाले, "आराखडा मी केला. टॉवर मोजले, रस्ते मोजले. तळघरात कोणी राहतं, काम करतं, हे माझ्या कुठल्याच कागदावर नव्हतं. हेही मी लिहिणार आहे." दिलासा म्हणून नाही, नुसतं खरं म्हणून ते बोलले, त्यामुळे तिला ते ऐकून घेता आलं.

चौकशी रेंगाळली. ती परत तक्रारींच्या खिडकीवर बसली आणि लोकांना, तुम्ही उभे कुठे होता, म्हणून विचारत राहिली. घरी नवरा पहिले काही दिवस ताट पुढे सरकवण्यापुरतंच बोलला. मग एका संध्याकाळी चष्मा पुसता पुसता म्हणाला, "मला वाटलं होतं तू माझं नाव गाळशील."

"मलाही वाटलं होतं," ती म्हणाली. त्या दिवसानंतर घरातली कोंडी फुटली.

नणंदेची गोष्ट वेगळी. डबा जप्त झाला, वस्तीत नाव खराब झालं, लोकांनी नाही नाही ते ऐकवलं. तिने भावाला माफ केलं, भावजयीला नाही. तळघरात कंपनीने तारेचा फोन बसवून दिला. तो बसवायला आलेल्या माणसाला ती म्हणाली म्हणे, "आमच्या घारीला सांगा, आता मी कोणाच्या दांड्यांवर अवलंबून नाही." निरोप मिळाल्यावर घारीला हसू आलं आणि वाईटही वाटलं. दोघींमधला तो दुरावा पुरता मिटला असं आजही म्हणता येत नाही. एकमेकींकडे जातात, पण दाराशी जरा घुटमळतात.

तिला गाडी परत मिळाली तेव्हा बदलाचं काम पुढच्या शहरात सरकलं होतं. आता कामाची पद्धत तिने स्वतःच मागून बदलून घेतली होती. पट्टा कापायच्या आधीच ती जायची, आणि गाडीत बसून नाही, तर पायी. एका दुपारी ती जमिनीखालच्या एका छापखान्यात शिरली. यंत्रांचा धडधडाट चालला होता. शाईने बरबटलेल्या मालकाने मान वर न करता सांगितलं, "आमचं सगळं उत्तम आहे बाई, काही तक्रार नाही."

"इथे खाली फोन लागतो?"

"लागतो की."

"शेवटचा कधी आला होता?"

मालकाने यंत्र थांबवलं आणि पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं.

"तुमचा फोन द्या बघू जरा," ती म्हणाली, आणि हात पुढे केला.